निर्गम सहायकाची जागा भरताना पावरी येणे ही पात्रता मानावी का?

सातपुडा पायथा (ग्रंथपाल, नंदुरबार जिल्हा)

सर्व ज्येष्ठ आणि सहव्यवसायी मंडळींना नमस्कार.

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका शासनमान्य वाचनालयात ग्रंथपाल आहे. आमच्याकडे निर्गम सहायकाची, म्हणजे पुस्तकांची देवघेव करणाऱ्या कर्मचाऱ्याची जागा रिकामी झाली असून ती लवकरच भरायची आहे. यापूर्वीच्या नेमणुका कशा झाल्या हे सांगितल्याशिवाय माझी अडचण नीट कळणार नाही. जागा रिकामी झाली की कार्यकारी मंडळातील कोणीतरी ओळखीचा मुलगा सुचवतो, बैठकीत नाव मंजूर होते आणि दुसऱ्या दिवसापासून तो देवघेवीच्या टेबलावर बसतो. यात कोणाला मुद्दाम डावलले गेले असे मी म्हणणार नाही; परंतु मंडळातील सदस्य गावातल्या दोन-तीन समाजांचेच असल्यामुळे त्यांच्या ओळखीही तेवढ्याच वर्तुळात फिरतात, आणि वाचनालय स्थापन झाल्यापासून तिथे एकही भिल, पावरा, मावची किंवा पारधी कर्मचारी झालेला नाही. 2011 च्या जनगणनेनुसार ज्या जिल्ह्यात दर दहा माणसांमागे जवळपास सात आदिवासी आहेत, त्या जिल्ह्यातली ही स्थिती आहे.

वाचकांच्या बाबतीतही चित्र वेगळे नाही. गावात आदिवासी मुला-मुलींची वसतिगृहे आहेत. तिथली मुले आमच्या अभ्यासिकेत येतात, स्वतःची पुस्तके घेऊन बसतात आणि संध्याकाळी निघून जातात. देवघेवीच्या टेबलाकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. मागच्या पावसाळ्यात धडगावकडच्या एक बाई आपल्या मुलीला घेऊन आल्या होत्या. मुलीला चित्रांचे पुस्तक हवे होते. टेबलावरच्या मुलाने अनामत, ओळखपत्र आणि दोन सभासदांची शिफारस या तिन्ही गोष्टी त्यांना मराठीत, अगदी सभ्यपणे समजावून सांगितल्या. बाईंनी मान डोलावली, मुलीचा हात धरला आणि त्या जिना उतरून गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. त्या मुलाने सगळे नियमाप्रमाणेच केले होते, आणि म्हणूनच मला तो नियम आणि ते टेबल या दोहोंचा विचार करावासा वाटतो.

आता या जागेसाठी एका पावरा मुलीचा अर्ज आला आहे. ती बारावी झाली आहे, पावरी तिची मातृभाषा आहे, भिली आणि मराठी तिला उत्तम येतात, संगणकावर मराठी टंकलेखनही येते. पण ग्रंथालयशास्त्राचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम तिने केलेला नाही. दुसरा अर्जदार प्रमाणपत्रधारक आहे, त्याला मराठी आणि अहिराणी येते. आमच्या अध्यक्षांचे म्हणणे असे की पात्रता ती पात्रता, तिथे सहानुभूती आणली तर उद्या प्रत्येक जण सवलत मागेल. मला ही सहानुभूतीची बाब वाटत नाही. पावरी बोलता येणे हीच आमच्या टेबलावरची खरी पात्रता आहे असे माझे मत आहे, परंतु ते मंडळाला पटेल अशा शब्दांत मांडायला मला आपली मदत हवी आहे. आणि असा पायंडा पाडल्याने प्रशिक्षित ग्रंथालय कर्मचाऱ्यांवर अन्याय होतो का, हेही स्पष्टपणे सांगावे.

---

निवृत्त ग्रंथपाल, धुळे

आपण दोन अर्जांची तुलना करत आहात. पण त्या आधी जाहिरात निघाली होती का, हा माझा पहिला प्रश्न आहे. जिथे जाहिरात निघत नाही तिथे पात्रतेचा आग्रह धरण्याचा नैतिक अधिकार मंडळाला फारसा उरत नाही, कारण अर्ज करण्याची संधी ज्यांच्या कानावर बातमी गेली त्यांनाच मिळालेली असते. म्हणून माझा सल्ला असा की सध्याचे दोन्ही अर्ज तसेच ठेवावेत, रीतसर जाहिरात काढावी आणि ती वर्तमानपत्राबरोबरच वसतिगृहांत, आश्रमशाळांत, ग्रामपंचायतींच्या फलकांवर आणि एस.टी. स्थानकात लावावी.

जाहिरातीत कामाचे स्वरूप आधी लिहावे आणि पात्रता त्यातून काढावी. निर्गम सहायक दिवसभर काय करतो? सभासदाला नियम समजावतो, त्याला काय हवे आहे ते विचारून घेतो, पुस्तक शोधून देतो, नोंद करतो, मुदत संपली की आठवण करतो. यातील नोंद सोडली तर प्रत्येक काम बोलण्याचे आहे. ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये जे पाच सिद्धान्त मांडले त्यांतील ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ हा दुसरा सिद्धान्त आपण सगळे परीक्षेत लिहून उत्तीर्ण झालो आहोत. वाचकाला आपली गरजच टेबलावर सांगता येत नसेल, तर तो सिद्धान्त तिथेच थांबतो. पावरी किंवा भिली येणे ही या पदाची व्यावसायिक गरज आहे, असे मंडळापुढे याच आधाराने मांडता येईल.

मात्र एक काळजी अवश्य घ्यावी. जाहिरातीत ‘अमुक जमातीचा उमेदवार हवा’ असे लिहू नये. ‘अमुक भाषा बोलता येणे आवश्यक’ असे लिहावे. भाषा हे कामाला लागणारे कौशल्य आहे, ते ज्याला येते त्या कोणालाही अर्ज करता येतो, आणि त्याची तोंडी चाचणी घेऊन गुणही देता येतात. प्रमाणपत्राबाबत म्हणाल तर ग्रंथपालाच्या पदासाठी जी पात्रता लागते तीच प्रत्येक पदाला लागते असे गृहीत धरू नका. आपल्या वाचनालयाचा वर्ग आणि या पदाचे नाव लिहून जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे लेखी विचारणा करा, आणि नेमणूकपत्रात ‘दोन वर्षांत प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण करावा, त्याचे शुल्क वाचनालय भरेल’ अशी अट घाला. उद्या तपासणीत हा कागदच उपयोगी पडेल.

आता थोडे विषयाच्या कडेचे, पण मला फार महत्त्वाचे वाटते म्हणून लिहितो. आपला व्यवसाय सर्वांसाठी खुला आहे असे आपण म्हणतो, परंतु त्याची रचनाच अशी आहे की बहुतेक ठिकाणी पद एकच असते. महाविद्यालयात प्राध्यापक चाळीस असतील, ग्रंथपाल एकच असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 1998 मध्ये असा निर्णय दिला की एकाकी पदावर आरक्षण लावता येत नाही, कारण तसे केल्यास ते शंभर टक्के आरक्षण ठरते. न्यायालयाचा तर्क समजण्यासारखा आहे. पण त्याचा परिणाम असा की जिथे संवर्गात अनेक पदे असतात तिथे बिंदुनामावलीमुळे (कोणते पद कोणत्या प्रवर्गासाठी हे क्रमाने ठरवणाऱ्या यादीमुळे) वेगवेगळ्या समाजांतील माणसे हळूहळू आत येतात, आणि ग्रंथपालाच्या खुर्चीपर्यंत मात्र ही प्रक्रिया पोहोचतच नाही. एका संस्थेच्या अनेक महाविद्यालयांतील ग्रंथपालांचा एकत्रित संवर्ग धरला तरच हा प्रश्न निदान विचारता येतो. सार्वजनिक वाचनालयांत तर सगळे कार्यकारी मंडळाच्या दृष्टीवर अवलंबून आहे. म्हणून आपण जो प्रश्न विचारला आहे तो एका जागेपुरता समजू नका.

---

देवघेव (जळगाव जिल्हा)

ताई, तुमची तळमळ पोहोचली आणि निवृत्त ग्रंथपाल सरांचा सल्लाही योग्य आहे. पण वर कोणीही मानधनाचा उल्लेख केलेला नाही, म्हणून मी लिहीत आहे. मी स्वतः दीर्घकाळ एका लहान वाचनालयात काम करते आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 चा. त्याखाली अनुदान घेणाऱ्या वाचनालयांतील कर्मचाऱ्यांना अजूनही वेतनश्रेणी नाही. 2022 मध्ये शासनाने अनुदानात 60 टक्के वाढ केली, तेव्हा ‘ड’ या सर्वांत खालच्या वर्गातील वाचनालयाचे वार्षिक अनुदान 30 हजारांवरून 48 हजारांवर गेले. त्यातील निम्मे वेतनावर खर्च करायचे असते, म्हणजे वर्षाला 24 हजार, महिन्याला 2 हजार रुपये. तुमचे वाचनालय वरच्या वर्गातले असेल, आकडा मोठा असेल. तरी शेतमजुरीशी त्याची तुलना करून पाहा. या पैशांत जो काम करू शकतो तो कोण असतो? ज्याच्या घरी शेती आहे, दुकान आहे, किंवा जिचा नवरा नोकरीला आहे. आपल्या व्यवसायात ठरावीक घरांतलीच माणसे दिसतात त्यामागे मंडळाच्या ओळखी हे एक कारण आहेच, पण त्याहून मोठे कारण हे मानधन आहे असे माझे ठाम मत आहे. ज्या मुलीला दर महिन्याला घरी पैसे पाठवायचे आहेत तिला आपण ‘समावेशा’च्या नावाखाली या मानधनावर बोलावणार असू, तर ती सहा महिन्यांत सोडून जाईल आणि मंडळ म्हणेल की बघा, यांना टिकून काम करता येत नाही. हे वाक्य मी प्रत्यक्ष ऐकलेले आहे.

तिला घ्यायचे ठरले तर तीन-चार गोष्टी आधीच पक्क्या करा. वाचनालय रात्री किती वाजता बंद होते आणि तिच्या गावाकडची शेवटची बस कधी सुटते, हे पाहून तिची कामाची वेळ ठरवा. कुलूप लावायचे काम एकट्या मुलीवर येऊ देऊ नका. स्त्री कर्मचाऱ्यांसाठी स्वच्छतागृह आहे का? अनेक वाचनालयांत ते नसते आणि कोणी त्याविषयी बोलत नाही. तसेच पावरी येते म्हणून तहसीलचा अर्ज, बँकेचा अर्ज, दवाखान्याचा कागद असे सगळे तिच्याकडे येणार, आणि ते यावेतच, कारण वाचनालयाचे ते काम आहे. परंतु ते तिच्या कामाच्या यादीत लिहा आणि त्यासाठी वेळ मोकळा ठेवा. नाहीतर देवघेवीचे पूर्ण काम वेगळे आणि दुभाष्याचे काम फुकट, असे होते. 9 ऑगस्टला जागतिक आदिवासी दिनाचा कार्यक्रम आला की तो तिनेच करायचा, हेही गृहीत धरू नका.

प्रशिक्षित कर्मचाऱ्यांवर अन्याय होतो का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्याकडे प्रमाणपत्र आहे. मला अन्याय वाटणार नाही, पण एका अटीवर. तिच्या प्रशिक्षणाचा खर्च वाचनालयाने केलाच पाहिजे, आणि वर्गाच्या दिवसांची रजा भरपगारी असली पाहिजे.

---

अक्राणीकर

मी पावरा आहे. शिक्षणासाठी डोंगर उतरून आलो आणि सध्या संशोधन करतो. वरील चर्चा वाचून बरे वाटले, कारण आमच्याविषयी बोलताना आमच्या गरजांचा हिशेब मांडणारी माणसे कमी भेटतात. तरीही काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

टेबलावर एक पावरा मुलगी बसली की आमची माणसे येऊ लागतील, ही अपेक्षा अर्धीच पुरी होईल. ती नियम पावरीत सांगेल, पण नियम तेच राहतील. ताईंनी लिहिलेली दोन सभासदांची शिफारस घ्या. पाड्यावरून आलेल्या बाईला वाचनालयाचे दोन सभासद कुठून माहीत असणार? ज्या समाजातले सभासदच नाहीत त्या समाजातल्या माणसाला ही अट कधीच पुरी करता येत नाही. त्याऐवजी अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती, आश्रमशाळेचे मुख्याध्यापक किंवा पोलीस पाटील यांच्यापैकी एकाची सही चालेल असे ठरवावे. अनामत हप्त्याने घ्यावी, आणि बालविभागाला ती पूर्ण माफ करावी. मुलाने एखादे पुस्तक हरवले तर होणारा तोटा वाचनालयाला सोसता येईल. अनामतीपायी मूल दारातून परत गेले तर ते बहुधा कायमचे जाते.

दुसरी बाब मुदतीची. आमच्या तालुक्यांतली कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला जातात. होळीला आमचा माणूस कुठेही असला तरी गावी येतो, पण पुस्तकाची मुदत पंधरा दिवसांची असते. म्हणजे एकतर पुस्तक घेऊच नये, किंवा दंड भरावा. इथे मला बडोद्याचे उदाहरण द्यावेसे वाटते. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून ग्रंथालयांचे जाळे उभारले, त्यात फिरत्या वाचनालयाच्या लाकडी पेट्या होत्या. पुस्तकांनी भरलेली पेटी गावोगाव मोफत जात असे आणि वाचून झाली की परत येई. बडोदा संस्थान म्हणजे दूरचा मुलूख नव्हे, नवापूरच्या पलीकडचे सोनगड त्याच संस्थानात होते. शंभर वर्षांपूर्वी जे जमले ते आज का जमू नये? टोळी निघताना मुकादमाकडे किंवा टोळीतल्या शिकलेल्या मुलाकडे तीस-चाळीस पुस्तकांची पेटी द्यावी आणि मुदत होळीपर्यंतची ठेवावी. मुलांची पुस्तके तिच्यात जास्त असावीत, कारण आईवडिलांबरोबर फडावर गेलेल्या मुलांची शाळा तेवढे महिने सुटलेली असते.

तिसरे, पुस्तके कोणती ठेवणार? आमच्यासाठी म्हणून ‘आदिवासी संस्कृती’ असे एक कपाट करतात आणि त्यात आमच्या नाच-गाण्यांवर इतरांनी लिहिलेली पुस्तके असतात. माझ्या वडिलांना वाचनालयाकडून हवे होते ते वेगळेच. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली दावा कसा करायचा, नकाशा कुठे जोडायचा, दावा फेटाळला तर अपील किती दिवसांत करायचे, हे सोप्या मराठीत सांगणारी पुस्तिका. आदिवासी क्षेत्रांतल्या पंचायतींचा पेसा कायदा 1996 चा आहे. ग्रामसभेचे अधिकार सांगणारी त्याची मराठी प्रत मला आमच्या पाड्यावर पहिल्यांदा दिसली ती एका कार्यकर्त्याच्या पिशवीत. ती वाचनालयात असायला हवी होती. आणि हो, आमच्या मुलांना विज्ञानकथाही आवडतात.

---

तालिकाकार

अक्राणीकर यांनी कपाटाचा विषय काढला, म्हणून तालिकेविषयी, म्हणजे वाचनालयातल्या पुस्तकांच्या नोंदसूचीविषयी थोडे सविस्तर लिहितो. टेबलावर कोण बसते हे वाचकाला लगेच दिसते, पण तालिकेत त्याच्या भाषेला आणि समाजाला काय म्हटले आहे हे सहसा कोणी तपासत नाही, आणि ती नोंद माणसापेक्षा जास्त वर्षे टिकते.

एका जुन्या वाचनालयाचे संगणकीकरण करताना तालिकापत्रांच्या खणांत मला ‘गुन्हेगार जमाती’ हे विषयशीर्षक मिळाले. त्याखाली पारधी आणि इतर समाजांवरची पुस्तके होती. ज्या कायद्यामुळे हे नाव पडले तो 1871 चा, आणि 1952 मध्ये तो रद्द झाला. कायदा गेला, शीर्षक राहिले, आणि संगणकीकरणाच्या वेळी ते जसेच्या तसे टंकलिखित होऊन नव्या आज्ञावलीत जाणार होते. अशी शीर्षके बदलून ‘विमुक्त जमाती’ करावीत आणि जुने नाव केवळ पाहा-नोंद (नव्या शीर्षकाकडे पाठवणारी नोंद) म्हणून ठेवावे, म्हणजे इतिहासाच्या अभ्यासकालाही पुस्तक सापडेल. असे बदल जगभर होत आहेत. विषयाला अंक देऊन पुस्तके लावण्याची ज्या मेलव्हिल ड्यूई यांची 1876 ची दशांश पद्धती आपण रोज वापरतो, त्यांचे नाव अमेरिकन ग्रंथालय संघाने 2019 मध्ये आपल्या पदकावरून काढले, कारण ज्यू व कृष्णवर्णीय लोकांना ते ज्या रीतीने दूर ठेवत आणि स्त्री सहकाऱ्यांशी जसे वागत त्याची नोंद उपलब्ध आहे. पद्धती आपण वापरतच राहू, पण तिच्यातील प्रत्येक जागा निर्दोष आहे असे मानायचे कारण नाही. धर्माच्या 200 या वर्गात 220 ते 280 एवढी जागा ख्रिस्ती धर्माला आणि बाकीच्या सर्व धर्मांना मिळून 290, हे आपण शिकलेलोच आहोत.

आता आपल्या भागापुरते. पावरी किंवा अहिराणी कवीचा संग्रह आला की पुष्कळ ठिकाणी तो 398 मध्ये, म्हणजे लोकसाहित्यात ठेवतात. मुखपृष्ठावर कवीचे नाव असताना असे करणे म्हणजे त्याला कवी न मानणे. तो साहित्यातच गेला पाहिजे. भाषेच्या रकान्यात सरसकट ‘मराठी’ लिहिले जाते, त्यामुळे आपल्या वाचनालयात अहिराणी पुस्तके किती आहेत असे कोणी विचारले तर संगणक शून्य सांगतो. 2011 च्या जनगणनेत खानदेशी (अहिराणी तिच्यातच मोजतात) बोलणारे सुमारे 18 लाख 60 हजार आणि भिली समूहातील भाषा बोलणारे 1 कोटी 4 लाखांहून अधिक नोंदले आहेत, आणि तालिकेत त्यांची भाषाच नाही. मार्क या संगणकीय नोंदीच्या आराखड्यातील भाषासूचीत अशा भाषांना स्वतंत्र संकेत नसला तरी 041 या क्रमांकाच्या रकान्यात दुसरा निर्देशक 7 ठेवून आयएसओ 639-3 या आंतरराष्ट्रीय भाषासूचीचा संकेत देता येतो. अहिराणीला ‘एएचआर’, भिलीला ‘बीएचबी’ आणि पावरीला, म्हणजे तिथल्या नावाने पौरी बारेलीला, ‘बीएफबी’ असे संकेत आहेत. 546 या रकान्यात ‘मजकूर पावरी भाषेत, देवनागरी लिपीत’ अशी टीप लिहावी. कोहा या ग्रंथालयाच्या आज्ञावलीत हे सगळे आजच करता येते. उर्दू पुस्तकांची शीर्षके देवनागरीत लिहिताना मूळ लिपीतील शीर्षक 880 या रकान्यात द्यावे. भुसावळ, रावेर, धुळे इथल्या उर्दू वाचकांना त्यामुळे आपले पुस्तक आपल्या लिपीत शोधता येईल.

नव्या निर्गम सहायक मुलीला हे काम जरूर शिकवा. ते शिकायला प्रमाणपत्राची वाट पाहावी लागत नाही, आणि पावरी पुस्तकाचा विषय ठरवताना तुमच्या वाचनालयात तिच्याहून जाणकार कोणी नसेल.

---

श्राव्य वाचक (चाळीसगाव)

मी अंध आहे आणि शाळेत शिकवतो. धाग्याचा मूळ विषय नेमणुकीचा आहे हे मान्य, परंतु ताईंच्या प्रश्नात ‘त्या जिना उतरून गेल्या’ असे एक वाक्य आहे, त्यावर कोणी थांबले नाही. म्हणजे वाचनालय माडीवर आहे. उत्पन्नासाठी तळमजल्याचे गाळे भाड्याने द्यायचे आणि वाचनालय वर न्यायचे, ही आपल्याकडची रीतच झाली आहे. मंडळाची आर्थिक ओढाताण मी समजू शकतो. पण चाकाच्या खुर्चीवरचा माणूस, गुडघे दुखणारी आजी आणि कडेवर मूल घेतलेली बाई यांच्यासाठी वाचनालय जिन्यापाशीच संपते. सगळे खाली आणता येत नसेल तर एका गाळ्याचा भाडेकरार संपेल तेव्हा तो पुन्हा देऊ नका, आणि तिथे देवघेवीचे टेबल, बालविभाग व रोजची वर्तमानपत्रे आणा. उताराचे प्रमाण बारास एक ठेवा. एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी लागते, त्याहून उभा उतार निरुपयोगी आणि धोक्याचा असतो.

माझ्यासारख्या वाचकासाठी खर्च जवळपास नाही. एनव्हीडीए हे पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी आज्ञावली, मोफत मिळते आणि मराठी वाचते. एक संगणक आणि हेडफोन पुरे. 2016 पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय आहे, त्याचे सभासदत्व वाचनालयाने आपल्या अंध वाचकांना मिळवून द्यावे. 2012 च्या दुरुस्तीनंतर प्रताधिकार कायद्यानेही अपंग वाचकासाठी सुलभ प्रत तयार करायला मुभा आहे, त्यामुळे ‘पुस्तक स्कॅन करून दिले तर गुन्हा होईल’ ही भीती बाळगू नका. फक्त प्रत युनिकोड या सर्व संगणकांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत करा. छपाईच्या जुन्या डीटीपी टंकांतील मराठी मजकूर आमच्या यंत्राला निरर्थक अक्षरांसारखा ऐकू येतो.

जाहिरातीत ‘दिव्यांग उमेदवारांनी अर्ज करावा’ ही ओळही घाला. माडीवरच्या टेबलासाठी ती ओळ लिहिताना मंडळालाच जिना आठवेल.

---

सातपुडा पायथा

सर्वांचे मनापासून आभार. अध्यक्षांशी काल सविस्तर बोलणे झाले. भाषा ही पदाची व्यावसायिक गरज आहे, हा मुद्दा त्यांनी मान्य केला, आणि रंगनाथन यांचा सिद्धान्त त्यांनी स्वतःच वहीत उतरवून घेतला. रीतसर जाहिरात काढण्याचे ठरले असून त्यात मराठीबरोबर पावरी किंवा भिली बोलता येणे आवश्यक, प्रमाणपत्र असल्यास प्राधान्य, नसल्यास दोन वर्षांत वाचनालयाच्या खर्चाने पूर्ण करावे, असा मजकूर असेल. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना पत्र आजच पाठवते आहे. त्या मुलीला आणि दुसऱ्या अर्जदारालाही पुन्हा अर्ज करायला सांगितले आहे.

मानधनाच्या बाबतीत मात्र मंडळ अडले आहे. अनुदानात भागत नाही हे खरे, आणि सभासद वर्गणी वाढवली तर ज्यांना आत आणायचे त्यांच्याच मार्गात ती येईल. गाळ्यांच्या भाड्यातील काही भाग वेतनात घालावा, अशी सूचना मी देवघेव ताईंच्या मजकुरासह बैठकीत ठेवणार आहे. शिफारशीची अट बदलण्यासाठी नियमावलीत दुरुस्ती लागते, तो ठराव वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे जाईल. ऊसतोड टोळ्यांसाठी एक पेटी मात्र याच दिवाळीनंतर द्यायची, त्याला कोणाची हरकत नाही.

एक शंका उरते. भाषेची तोंडी चाचणी कोणी घ्यायची? आमच्या मंडळात पावरी किंवा भिली कोणालाच येत नाही.

---

अक्राणीकर

ताई, धडगाव भागातील शाळांत पावरी बोलणाऱ्या शिक्षिका आहेत. त्यांच्यापैकी एखाद्या बाईंना तज्ज्ञ सदस्य म्हणून लेखी निमंत्रण द्या आणि प्रवासखर्च द्या. भिलीसाठी तळोदा किंवा अक्कलकुव्याकडचे कोणी पाहावे, कारण दोन्ही भाषांचा परीक्षक एकच असेल असे नाही. चाचणीत भाषांतर विचारू नका. उमेदवारापुढे सभासदत्वाचा अर्ज ठेवा आणि समोर बसलेल्या आजीला तो आपल्या भाषेत समजावून भरून घ्यायला सांगा. आजींना नेमके काय कळले, हे नंतर त्यांनाच विचारा आणि त्यावरून गुण द्या.